औषध देणारा हात

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या अंगी कोणते गुण असावेत, याचीही गणना तेथे आहे. उपचाराचे ज्ञान, कामातील दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता, असे ते चार गुण होत. या यादीत ज्ञानाला पहिले स्थान आहे आणि अनुरागाला तिसरे. हा क्रम मला मोठा मार्मिक वाटतो. आपण परिचारिकेविषयी बोलू लागलो की सेवा, त्याग, करुणा या शब्दांची फुले उधळतो. परंतु तिने औषधिशास्त्र शिकलेले असते, रात्री दोन वाजता मंद उजेडात तिला दशांश अपूर्णांकांचे गणित बिनचूक करावे लागते, आणि त्या गणिताचे उत्तर कागदावर न राहता माणसाच्या रक्तात जाते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. त्याच संहितेत असेही म्हटले आहे की, तीक्ष्ण विषही नीट योजले तर उत्तम औषध होते आणि औषध भलत्या रीतीने दिले तर त्याचे विष होते. औषधिशास्त्राची सारी इमारत याच पायावर उभी आहे.

मी वैद्य नव्हे, सरकारी नोकर आहे. पण रायपूरसारख्या ठिकाणी नोकरी करणाऱ्याला रुग्णालय टाळता येत नाही. १९६३ साली येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, २०१२ साली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली, आणि बस्तरपासून सरगुजापर्यंतचा रुग्ण रायपूरच्या वाटेला लागला. या वॉर्डांतून परिचर्येचे विद्यार्थी ट्रे हाती घेऊन वावरताना दिसतात. त्या ट्रेवर काय असते, आणि ते रुग्णापर्यंत सुखरूप पोहोचावे म्हणून त्यांना काय शिकावे लागते, हे समजावून सांगण्याचा माझा विचार आहे. घरी आईवडिलांना गोळ्या देणाऱ्या श्रोत्यांनाही त्याचा उपयोग व्हावा.

गोळी गिळली की ती थेट दुखऱ्या जागी जाते, अशी आपली एक भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात औषधाला चार टप्पे ओलांडावे लागतात. ते शोषले जाते, रक्ताबरोबर अंगभर पसरते, त्याचे रूपांतर होते आणि शेवटी ते बाहेर टाकले जाते. आतड्यातून शोषलेले रक्त प्रथम यकृताकडे जाते. यकृत हे जुन्या काळच्या जकातनाक्यासारखे आहे. काही औषधांचा मोठा हिस्सा ते तेथेच कापून घेते, आणि उरलेलाच शरीराच्या वाट्याला येतो. छातीत कळ आल्यावर सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवावयास सांगतात त्याचे कारण हेच. जिभेखालच्या बारीक शिरांतून औषध नाका चुकवून सरळ रक्तात शिरते आणि काही मिनिटांत काम करू लागते. तीच गोळी गिळली तर परिणाम उशिरा आणि उणा होतो. इंजेक्शनाने औषध शिरेत दिले तर नाकाही नाही आणि वाटही नाही. म्हणून तेथे गुण लवकर दिसतो, आणि चूक झाली तर तीही परत घेता येत नाही.

चौथा टप्पा बहुधा मूत्रपिंडांचा. १९४१ साली ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन देण्यात आले. त्याच्या अंगात रक्तदोष भिनला होता. औषधाने त्याला उतार पडू लागला. पण ते शरीरातून इतक्या वेगाने लघवीवाटे निघून जाई की संशोधकांनी त्याची लघवी जपून ठेवून तिच्यातून पेनिसिलिन पुन्हा काढले आणि पुन्हा त्यालाच टोचले. तरीही साठा संपला, रोग उलटला आणि तो दगावला. औषध दर अमुक तासांनी का द्यावयाचे, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. रक्तातील औषधाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात, आणि मात्रांमधील अंतर ठरविताना त्याचा विचार मुख्य असतो. ‘दर आठ तासांनी’ आणि ‘दिवसातून तीनदा’ या दोन गोष्टी एक नव्हेत. सकाळी आठ, दुपारी एक आणि रात्री आठ अशा तीन गोळ्या घेतल्या तर रात्रीचे बारा तास रोगजंतूंना मोकळे रान मिळते. वृद्धाची किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाची गोष्ट याच्या उलट असते. त्याचे औषध लवकर बाहेर पडत नाही, आणि नेहमीचीच मात्रा साठत साठत घातक होऊ शकते.

आता मात्रेच्या मर्यादेविषयी. काही औषधांत गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यामध्ये ऐसपैस मैदान असते. काहींत ती वाट एखाद्या बांधाएवढी अरुंद असते. हृदयरोगावरील डिगॉक्सिन हे दुसऱ्या जातीचे आहे. म्हणून ते देण्यापूर्वी हृदयाच्या टोकाशी स्टेथोस्कोप लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावयाचे, आणि प्रौढ रुग्णात ते साठाच्या खाली असतील तर मात्रा राखून ठेवून डॉक्टरांना कळवावयाचे, असा दंडक आहे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे येथे चालत नाही, कारण अनियमित ठोक्यांचा गुणाकार खोटे उत्तर देतो.

दुसरे उदाहरण प्रसूतिगृहातले. गर्भारपणात रक्तदाब वाढून झटके येऊ लागले तर मॅग्नेशियम सल्फेट देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३३ देशांतील सुमारे दहा हजार स्त्रियांचा समावेश होता. या स्वस्त क्षाराने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे तिने सिद्ध केले. रूढ पद्धतीने प्रथम ४ ग्रॅम शिरेतून सावकाश आणि पाठोपाठ दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम, असे एकूण १४ ग्रॅम देतात. दोन मिलिलिटरच्या ज्या ॲम्प्यूलवर ५० टक्के असे लिहिलेले असते तिच्यात १ ग्रॅम औषध असते; म्हणजे चौदा ॲम्प्यूल फोडावयाच्या, तेही समोर स्त्री आचके देत असताना आणि बाहेर नातेवाईक रडत असताना. त्यानंतर दर चार तासांनी पुढची मात्रा. परंतु प्रत्येक मात्रेपूर्वी तीन गोष्टी पाहावयाच्या : गुडघ्यावर हातोडी मारली असता पाय झटकतो का, श्वास मिनिटाला सोळा तरी आहेत का, आणि लघवी ताशी ३० मिलिलिटर तरी होते आहे का. मॅग्नेशियम अंगात साठू लागले की प्रथम गुडघ्याची ही प्रतिक्रिया जाते, श्वास त्यानंतर मंदावतो. शरीर अशी आगाऊ सूचना देते, आणि ती वाचणारी व्यक्ती बहुधा परिचारिकाच असते, कारण त्या वेळी डॉक्टर दुसऱ्या टेबलाशी गुंतलेले असतात. उताऱ्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी भरून ठेवावे लागते. ते कोठे आहे हे शोधण्याची वेळ झटका आल्यावरची नव्हे.

परिचर्येच्या विद्यार्थ्यांकडून पहिल्या वर्षापासून घोकून घेतात की योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ पाहावी. पुढे त्यात योग्य नोंद वगैरे आणखी काही ‘योग्यां’ची भर पडली. घोकणे सोपे आहे. मला यातील पहिला शब्दच सर्वांत अवघड वाटतो, आणि तो अवघड का, हे छत्तीसगढच्या वॉर्डात जसे कळते तसे पुस्तकात कळत नाही.

या प्रदेशात जन्मवारावरून नाव ठेवण्याची जुनी रीत आहे. शुक्रवारी जन्मली ती सुकवारो, शनिवारची शनिचरी, बुधवारचा बुधराम, मंगळवारचा मंगलू. कोणी फाल्गुनात जन्मला म्हणून फागूराम. साहू, वर्मा, यादव, ध्रुव, निषाद ही आडनावे घरोघरी. अशा वॉर्डात दोन सुकवारो साहू एकाच वेळी दाखल असणे नवलाचे नाही. दारातून कोणी ‘‘सुकवारो कौन हे?’’ असे पुकारले तर दोघीही ‘‘हव’’ म्हणतील. पुष्कळदा तिसरीही म्हणेल; कारण पांढऱ्या पोशाखातील माणसाने काही विचारले की ‘हव’ म्हणावे, हे खेड्यातून आलेल्या माणसाच्या अंगवळणी पडलेले असते. म्हणून जाणत्या सिस्टर रुग्णाला ‘‘तू सुकवारो का?’’ असे विचारीत नाहीत. त्या विचारतात, ‘‘तुझे नाव काय? गाव कोणते?’’ उत्तर रुग्णाच्या तोंडून यावे, आपण त्याच्या तोंडी घालू नये. मग मनगटावरची पट्टी आणि केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावयाचा. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचे नाव उच्चारीत नाहीत; तेव्हा ‘अमक्याची बायको’ हा पुरावा तेथे उपयोगाचा नसतो. खाटेचा क्रमांक तर त्याहूनही फसवा. रात्री पंख्याचा वारा लागतो म्हणून खाट बदलणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

भाषेचीही अशीच गंमत. ‘‘मूड पिराथे’’ म्हणजे डोके दुखते आहे, एवढे तरी नागपूर-गोंदियाकडून रायपूरला आलेल्या मराठी मुलीला आठवड्याभरात शिकून घ्यावे लागते. रुग्णाची तक्रार न कळता वेदनाशामक दिले तर तो योग्य मार्ग, योग्य वेळ आणि योग्य मात्रा पाळूनही केलेला अडाणीपणाच.

मात्रेचे गणित म्हणजे आपले शाळेतले त्रैराशिक. भास्कराचार्यांच्या लीलावतीत जे आले आहे तेच आज वॉर्डात रोज सोडविले जाते. दहा किलो वजनाच्या मुलाला ताप आहे, किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने पॅरासिटामॉल १५० मिलिग्रॅम द्यावयाचे आहे. गणित येथे संपत नाही, येथे सुरू होते. एका बाटलीवर ‘५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम’ असे असते. तिच्यातून ३ मिलिलिटर द्यावे लागेल. दुसरीवर ‘५ मिलिलिटरमध्ये १२०’ असते, तिच्यातून सव्वासहा. तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटलीत एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. तिच्यातून दीड मिलिलिटर पुरे. आता ‘सव्वासहा’ हा आकडा लक्षात ठेवून कोणी थेंबांची बाटली उचलली तर त्या मुलाच्या पोटात १५० ऐवजी ६२५ मिलिग्रॅम जातील. एक-दोनदा असे झाले तर मूल कदाचित निभावेल. दिवसातून चार वेळा, तीन दिवस असे चालले तर यकृत धोक्यात येईल. म्हणून ‘किती मिलिलिटर’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी ‘किती मिलिग्रॅम’ हे विचारावे. घरोघरीच्या आयांनाही हेच सांगणे आहे, आणि त्यासोबत असेही की स्वयंपाकघरातला चमचा हे माप नव्हे. बाटलीबरोबर येणारे झाकण किंवा पिचकारी वापरावी.

इन्सुलिनच्या बाबतीत आपल्या देशात एक चमत्कारिक द्वैत चालत आले आहे. नेहमीच्या व्हायलीत १ मिलिलिटरमध्ये ४० एकके असतात, आणि तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. काही इन्सुलिने मात्र मिलिलिटरला १०० एककांची असतात. त्यांच्यासाठी पेन किंवा नारिंगी टोपणाची सिरिंज. शंभराचे इन्सुलिन चाळिसाच्या सिरिंजेत ओढले आणि वीस रेघा भरल्या, तर रुग्णाला वीस नव्हे, पन्नास एकके गेली. घाम, थरथर, गुंगी आणि मग बेशुद्धी. साखर एकाएकी उतरलेला रुग्ण झोपी गेल्यासारखा दिसतो, हेच त्यातले भय. म्हणून इन्सुलिन भरल्यावर व्हायल व सिरिंज दोन्ही दुसऱ्या सिस्टरला दाखविण्याची पद्धत पुष्कळ रुग्णालयांत पाळतात. यात संशय किंवा अपमान काही नाही. दप्तरात साध्या बिलावरही दोन सह्या लागतात.

सलाईनचे गणित त्या मानाने सोपे. साध्या नळीतून सुमारे वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यावयाचे तर ताशी १२५, म्हणजे मिनिटाला बेचाळीसच्या आसपास थेंब. लहान मुलांच्या बारीक नळीत साठ थेंबांचा एक मिलिलिटर, आणि तासाला साठ मिनिटे. त्यामुळे ताशी जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब.

अक्षर आणि अंक यांच्यामुळे होणारे घोटाळे निराळेच. ५ लिहावयाचे तेथे कोणी ५.० असे लिहिले आणि टिंब पुसट उमटले तर ५० होतात. अर्धा मिलिग्रॅम नुसता .५ असा लिहिला तर ५ होतात. म्हणून पूर्णांकामागे शून्य लिहू नये आणि अपूर्णांकापूर्वी शून्य गाळू नये. एककांसाठी इंग्रजी यू हे अक्षर लिहिले तर ते घाईत शून्यासारखे दिसते आणि दहाचे शंभर होतात. यात आपल्या देवनागरीची एक भर आहे, आणि तिची चर्चा मी फारशी ऐकलेली नाही. आपला १ हा इंग्रजी नऊशी मिळताजुळता आहे. मराठी किंवा हिंदी वळणाच्या हाताने केसपेपरवर देवनागरी एक लिहिला आणि इंग्रजी वळणाच्या डोळ्यांनी तो वाचला, तर काय होईल याची कल्पना करावी. एकाच कागदावर दोन लिप्यांचे अंक नकोत, एवढा नियम तरी प्रत्येक वॉर्डाने करावा असे मला वाटते. मी स्वतः देवनागरी अंकांचा अभिमानी आहे. पण अभिमानाची जागा केसपेपर ही नव्हे.

औषधांच्या नावांचा घोटाळा तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. मेंदूच्या हिवतापावरील ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या दोन नावांवरून झालेल्या तंट्यात न्यायालयाने २००१ साली असे मत दिले की, औषधांच्या नावांतील साम्य इतर मालापेक्षा अधिक कसोशीने तपासले पाहिजे. कारण येथे गिऱ्हाईक फसले तर पैशाचे नव्हे, जिवाचे नुकसान होते. तरीही दुकानात आणि ट्रेमध्ये सारखी नावे, सारखी खोकी शेजारीशेजारी नांदतात. औषध उचलताना एकदा, भरताना दुसऱ्यांदा आणि रुग्णाला देण्यापूर्वी तिसऱ्यांदा लेबल वाचावे, हा जुना पाठ त्यासाठीच आहे. त्यातल्या त्यात पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्यूल सर्वांत भयंकर. ती दिसावयास पाण्यासारखी, आकाराने इंजेक्शनाच्या पाण्याच्या ॲम्प्यूलसारखी. पण पुरेसे सौम्य न करता ती थेट शिरेत गेली तर हृदय थांबते. अशी ॲम्प्यूल साध्या वॉर्डाच्या कपाटात ठेवूच नये, हाच तिच्यावरचा खरा उपाय आहे. मार्गाच्या बाबतीतही काही निर्बंध असेच निरपवाद आहेत. कर्करोगावरील व्हिंक्रिस्टीन शिरेतच द्यावयाचे. ते पाठीच्या मणक्यातील पाण्यात गेले तर रुग्ण जवळजवळ निश्चितपणे हातचा जातो. आणि दुधाळ दिसणारे बेंझाथीन पेनिसिलिन स्नायूतच द्यावयाचे, शिरेत कधीही नाही.

चूक झाल्यावर काय करावयाचे, हा माझ्या धंद्याचा विषय आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी या गावी पोलिओच्या थेंबांऐवजी बारा बालकांच्या तोंडात हात निर्जंतुक करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पडले. मुलांना यवतमाळच्या रुग्णालयात हलविण्यात आले आणि सुदैवाने ती वाचली. करोनाचे दिवस होते. प्रत्येक टेबलावर सॅनिटायझर होते. संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, आणि ती व्हावयास हवीच होती. परंतु निलंबनाचा आदेश टंकलिखित करावयास दहा मिनिटे लागतात आणि त्यानंतर फाइल बंद होते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. तोंडात घालावयाचे आणि हाताला लावावयाचे द्रव एकाच टेबलावर हाताच्या अंतरावर का होते, बाटल्यांचा आकार व लेबले कशी होती, हे प्रश्न फाइल बंद झाल्यावरही शिल्लक राहतात. ज्या रुग्णालयात चूक कबूल करणाऱ्याला पहिली शिक्षा होते, तेथे चुका कमी होत नाहीत; त्या सांगणे तेवढे कमी होते. आणि औषधाची चूक अशी आहे की ती पहिल्या पाच मिनिटांत सांगितली तर उतारा देता येतो, पाच तासांनी सांगून उपयोग नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांपासून होणारी इजा टाळण्याची जी मोहीम २०१७ साली हाती घेतली तिचा रोखही माणसाइतकाच व्यवस्थेवर आहे.

आता या हाताला जे दिसतच नाही त्याविषयी. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषधखरेदीतील व तपासणीतील भ्रष्ट कारभार चव्हाट्यावर आणला. हेच द्रव्य अमेरिकेत १९३७ साली सल्फानिलमाइडच्या पातळ औषधातून शंभरावर बळी घेऊन गेले होते. आणि हेच २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून मुलांच्या पोटात गेले. वीसहून अधिक बालके दगावली, त्यांतील कित्येक नागपूरच्या रुग्णालयांत. तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के विष आढळले, मर्यादा ०.१ टक्का आहे.

छत्तीसगढालाही हा डाग आहे. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूरजवळ सकरी येथे कुटुंबनियोजनाच्या शिबिरात अवघ्या काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि पुढील काही दिवसांत तेरा स्त्रिया मृत्यू पावल्या. त्यांना घरी न्यावयास दिलेल्या गोळ्यांत विष होते की हत्यारांतून जंतुसंसर्ग झाला, यावर मोठा वाद झाला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांच्या आत बंद करण्याचा आदेश दिला. गोळ्या दोषी असोत वा हत्यारे, एवढ्या थोड्या वेळात एवढ्या बायका म्हटल्यावर नाव विचारणे, लेबल तीनदा वाचणे, गोळी का व कशी घ्यावयाची ते सांगणे यांना वेळ कोठून असणार?

बाटलीतले विष परिचारिकेला डोळ्यांनी दिसत नाही, हे खरे. पण तिच्या हाती दोन गोष्टी आहेत. पहिली, औषधाचा बॅच क्रमांक नोंदविणे. विद्यार्थ्यांना हे काम कारकुनी वाटते. पण एकाच औषधानंतर एकाच वॉर्डातील तिघांची लघवी थांबली तर धागा जुळविण्याचे दुसरे साधन नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कळविणे. २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधसतर्कता कार्यक्रमाकडे औषधाच्या अनिष्ट परिणामाची माहिती परिचारिकाही देऊ शकते. डॉक्टरांनीच ती द्यावी असे नाही. औषध कारण आहे याची खात्री असण्याचीही गरज नाही, नुसता संशय पुरेसा असतो.

शेवटी रुग्ण घरी जातो, आणि औषध देणारा हात बदलतो. बस्तर विभागात २०२० सालापासून हिवतापाविरुद्ध घरोघर तपासणीची मोठी मोहीम चालली. हिवतापाच्या व्हायव्हॅक्स या जातीचे जंतू यकृतात दडून बसतात, आणि त्यांना हुसकण्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. ताप मात्र तिसऱ्या दिवशीच उतरतो. चौथ्या दिवसापासून धडधाकट माणसाने गोळी कशासाठी घ्यावी, हा त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पाकीट हाती दिले तर उरलेल्या गोळ्या आढ्याला खोचलेल्या सापडतात. शिवाय काही लोकांच्या रक्तात जन्मतःच एका द्रव्याची उणीव असते, आणि अशांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. तेव्हा गोळी उपाशीपोटी घेऊ नये, लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी ताबडतोब बंद करून दवाखान्यात यावे, एवढे तरी सांगितलेच पाहिजे. लिहितावाचता न येणाऱ्यासाठी पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढतात. चित्र काढून झाल्यावर अनुभवी सिस्टर पाकीट लगेच देत नाहीत. ‘‘आता तू मला सांग, ही दवई कधी घेशील आणि किती दिवस?’’ असे त्या विचारतात, आणि उत्तर बरोबर आले की मग ते पाकीट रुग्णाच्या हाती पडते.